एडमंड हॅले आणि त्याचा धूमकेतु

आकाशांत शेंडेनक्षत्र दिसूं लागलें म्हणजे पृथ्वीवर कांहीं तरी अरिष्ट यावयाचें, हा समज फार प्राचीन काळापासून बहुतेक सर्व देशांत चालत आलेला आहे. राजाचा मृत्यु, लढाई, दुष्काळ, महामारी यांपैकीं जें कांहीं त्या सुमारास घडे, त्याचा दोष लोक त्या बिचाऱ्या शेपटीवाल्या ताऱ्यास देत. आपल्याकडे वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत केतूंच्या शुभाशुभ फलांविषयीं एक स्वतंत्र अध्याय आहे. युरोपांतही इ. स. १०६६ सालीं दिसलेल्या धूमकेतूचा संबंध इंग्लंडच्या राजाच्या पराभवाशीं जोडून त्याचें चित्र फ्रान्समधील बायो येथील सुप्रसिद्ध कशिद्याच्या पट्ट्यावर भरलेलें आहे. सूर्य, चंद्र व ग्रह हे नेमानें उगवतात व मावळतात. धूमकेतु मात्र न सांगतां येतो आणि न सांगतां जातो, म्हणून त्याचें भय. धूमकेतूलाही येण्याजाण्याचा नेम आहे असें दाखवून ज्यानें त्याच्या पुढल्या फेरीचें साल आगाऊ लिहून ठेविलें, त्या एडमंड हॅलेचें चरित्र आमच्या वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें साल उजाडण्यापूर्वीं बहुधा आपण या जगांत नसूं हें त्याला ठाऊक होतें. तरीही त्यानें तें लिहिलें. या एका गोष्टींत त्याच्या चरित्राचें सार आहे असें आम्हांस वाटतें.

हॅलेचा जन्म लंडन शहराजवळील हॅगर्स्टन या खेड्यांत, आजच्या पंचांगाप्रमाणें ८ नोव्हेंबर १६५६ रोजीं झाला. त्याचा बाप साबण तयार करण्याच्या धंद्यांत संपन्न झालेला गृहस्थ असून लंडनमध्यें त्याच्या मालकीचीं घरें होतीं. १६६६ सालच्या मोठ्या आगींत त्याचें बरेंच नुकसान झालें, तरी मुलाच्या शिक्षणांत त्यानें कसूर केली नाहीं. सेंट पॉल्स या शाळेंत मुलगा लॅटिन, ग्रीक व गणित शिकला आणि १६७१ सालीं त्या शाळेचा मुख्य विद्यार्थी झाला. शाळेंत असतांनाच होकायंत्राची सुई बरोबर उत्तरेकडे न राहतां किती अंश बाजूस वळते हें मोजण्याचा त्याला नाद लागला होता. १६७३ सालीं तो ऑक्सफर्ड येथील क्वीन्स कॉलेजांत दाखल झाला तेव्हां त्याच्या सामानांत चोवीस फूट लांबीची दुर्बीण होती. मुलाची आवड ओळखून तिला साह्य करणारा बाप मिळणें हें थोर भाग्य होय, आणि तें हॅलेस लाभलें होतें.

ग्रिनिच येथें १६७५ सालीं राजाश्रयानें वेधशाळा स्थापन होऊन जॉन फ्लॅमस्टीड हा राजज्योतिषी नेमला गेला. उत्तरेकडील तारे मोजण्यास अशी व्यवस्था झाली. परंतु युरोपांतून कधींच न दिसणारें जें दक्षिणेचें आकाश, त्याची दुर्बिणीच्या साह्यानें बरोबर मोजदाद कोणीं केली नव्हती. हें काम आपण करावें असें वीस वर्षांच्या हॅलेनें मनांत आणिलें. पदवीची वाट न पाहतां त्यानें विद्यापीठ सोडलें, आणि नोव्हेंबर १६७६ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या 'युनिटी' नांवाच्या जहाजांतून तो अटलांटिक महासागरांतील सेंट हेलीना बेटाकडे निघाला. दुसऱ्या चार्ल्स राजानें कंपनीकडे त्याची शिफारस केली होती, आणि बापानें सालीना ३०० पौंड देण्याचें कबूल केलें होतें. हें बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें सोळा अंशांवर आहे. तेथें आकाश निर्मळ असेल अशी आशा होती, पण ढग व धुकें यांनीं त्याचा फार छळ केला. तरीही जे थोडे निरभ्र तास मिळाले ते वायां न घालवितां त्यानें ३४१ ताऱ्यांचीं स्थानें निश्चित केलीं. तेथेंच १६७७ सालीं बुध ग्रह सूर्यबिंबावरून काळ्या टिकलीसारखा सरकतांना त्यानें आरंभापासून शेवटपर्यंत पाहिला. या देखाव्याचा पुढें काय उपयोग झाला तें आम्ही यथावकाश सांगूं. १६७८ सालीं तो परत आला व त्याची ताऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीं राजाज्ञेवरून विद्यापीठानें त्यास एम्. ए. ची पदवी दिली, आणि बाविसाव्या वर्षीं तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला.

पुढील वर्षींची एक लहानशी हकीकत त्याच्या स्वभावावर प्रकाश टाकते. डान्झिग शहरीं हेवेलियस नांवाचा वृद्ध ज्योतिर्विद दुर्बीण न लावतां, नुसत्या डोळ्यांनीं साध्या यंत्रांतून ताऱ्यांचीं अंतरें मोजीत असे. अशीं मापें बरोबर असणें शक्य नाहीं, असा इंग्लंडांतील रॉबर्ट हुक वगैरे विद्वानांचा आक्षेप होता. हॅले आपलें दुर्बिणीचें यंत्र घेऊन तेथें गेला, दोघांनीं मिळून वेध घेतले, आणि वृद्धाचीं मापें खरोखरच अचूक आहेत असें त्यानें मोकळ्या मनानें कळविलें. स्वतःचें यंत्र नवें आणि श्रेष्ठ असतांही दुसऱ्याच्या जुन्या यंत्रास न्याय देणें ही गोष्ट वाटते तितकी सोपी नसते.

आतां आपण धूमकेतूंकडे वळूं. १६८० च्या डिसेंबरांत हॅले एका मित्रासह फ्रान्सांतून पॅरिसकडे जात असतां एक प्रचंड धूमकेतु त्याच्या दृष्टीस पडला. नोव्हेंबरांत पहाटे सूर्याकडे जातांना एक धूमकेतु दिसला होता, व डिसेंबरांत संध्याकाळीं सूर्यापासून दूर जातांना हा दिसूं लागला. ते दोन निराळे कीं एकच, याविषयीं विद्वानांत वाद माजला. पॅरिसच्या वेधशाळेंत कॅसिनीच्या संगतीनें हॅलेनें त्याचे वेध घेतले, पण त्याच्या मार्गाचा उलगडा होईना. १६८२ सालीं मेरी टूक या मुलीशीं त्याचा विवाह झाला, आणि लंडनजवळ इस्लिंग्टन येथें बिऱ्हाड करून त्यानें घरींच वेध घेण्यास आरंभ केला. त्याच वर्षाच्या ऑगस्ट-सप्टेंबरांत आणखी एक धूमकेतु आला. दोन वर्षांपूर्वींच्या धूमकेतूच्या मानानें हा साधारणच होता. पण हॅलेनें त्याचीं स्थानें काळजीपूर्वक टिपून ठेविलीं. पुढें यालाच आपलें नांव मिळेल हें त्या तरुणाच्या स्वप्नींही नसेल.

धूमकेतूचा मार्ग शोधणें इतकें अवघड कां, तें येथें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. धूमकेतु आपल्याला कांहीं आठवडे, फार तर कांहीं महिने दिसतो; म्हणजे त्याच्या अफाट वाटेचा एक लहानसा तुकडाच आपल्या दृष्टीस पडतो. शिवाय ज्या पृथ्वीवरून आपण पाहतों तीच सूर्याभोंवतीं फिरत आहे. चालत्या आगगाडींतून दूरच्या रस्त्यावरील दिवा पाहावा आणि तो दिवा कोणत्या वाटेनें किती वेगानें चालला आहे हें सांगावें, तशांतलाच हा प्रकार. ग्रहांच्या दीर्घवर्तुळाकार कक्षा शोधून काढणाऱ्या केप्लरसारख्या महापंडितासही धूमकेतु सरळ रेषेंत जात असावेत असेंच वाटलें होतें.

या कुलपाची किल्ली दुसऱ्याच एका प्रश्नांत होती. जानेवारी १६८४ मध्यें हॅले, हुक व सर क्रिस्टोफर रेन या तिघांचें बोलणें झालें. सूर्याचें आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत कमी होत असेल, म्हणजे अंतर दुप्पट झालें असतां तें चौथाई होत असेल, तर ग्रहाचा मार्ग कोणत्या आकृतीचा होईल, हा तो प्रश्न. हुकनें उत्तर आपणांस ठाऊक असल्याचें सांगितलें. रेननें सिद्धता आणून देणारास चाळीस शिलिंग किंमतीचें पुस्तक बक्षीस लाविलें. पण सिद्धता आली नाहीं. त्याच वसंत ऋतूंत हॅलेवर मोठें संकट कोसळलें. त्याचा बाप एके दिवशीं घरांतून निघाला तो परत आलाच नाहीं, आणि कांहीं आठवड्यांनीं त्याचें प्रेत सांपडलें. दुःख, मालमत्तेचे तंटे व कचेऱ्यांच्या खेपा यांतून मोकळीक मिळतांच ऑगस्ट महिन्यांत हॅले केंब्रिजला आयझॅक न्यूटनकडे गेला आणि तोच प्रश्न त्यानें त्याच्यापुढें मांडला. तो मार्ग दीर्घवर्तुळ होय, असें न्यूटननें तत्काळ सांगितलें. आपण तें पूर्वींच गणितानें काढिलें आहे, पण कागद सांपडत नाहीं, असेंही तो म्हणाला. हॅलेनें तें पुन्हां लिहून पाठविण्याचें वचन घेतलें, आणि नोव्हेंबरांत न्यूटनचा निबंध त्याच्या हातीं पडला. त्याची योग्यता ओळखून हॅले पुन्हां केंब्रिजला धांवला, आणि न्यूटननें सबंध ग्रंथ लिहावा म्हणून त्यानें त्याचा पिच्छा पुरविला.

'प्रिन्सिपिया' या नांवानें जगद्विख्यात झालेला तो ग्रंथ १६८७ सालीं बाहेर पडला. रॉयल सोसायटीनें नुकतेंच माशांच्या इतिहासावर एक सचित्र पुस्तक छापून आपली तिजोरी रिकामी करून घेतली होती. तेव्हां 'प्रिन्सिपिया'च्या छपाईचा भार हॅलेनें स्वतःच्या खिशांतून सोसला. संस्थेची चिटणिशी तो करीत असे. त्या कामाच्या वेतनाबद्दल त्याला त्याच माशांच्या पुस्तकाच्या प्रती देण्यांत आल्या, ही गोष्ट ऐकून आमच्या वाचकांस हसूं आल्यावांचून राहणार नाहीं. ग्रंथ छापत असतांच हुकनें मूळ कल्पनेवर आपला हक्क सांगितला, आणि संतापलेल्या न्यूटननें तिसरा भाग प्रसिद्धच करावयाचा नाहीं असें ठरविलें. हॅलेनें पत्रें लिहून, समजूत घालून त्याचें मन वळविलें. धूमकेतूंचा मार्ग वेधांवरून कसा काढावा याची रीत त्या तिसऱ्या भागांतच आहे. हॅलेनें त्या वेळीं धीर सोडला असता तर त्याच्या स्वतःच्या शोधाचें साधनच त्याच्या हातांतून गेलें असतें. दुसऱ्याच्या कीर्तीसाठीं केलेले श्रम असे कधीं कधीं आपल्याच अंगणांत फळास येतात.

१६९१ सालीं ऑक्सफर्ड येथील ज्योतिषशास्त्राच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली व हॅलेनें ती मागितली. परंतु त्याच्या धर्ममतांविषयीं वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांच्या मनांत संशय होता. जग अनादि आहे असें तो मानतो अशी बोलवा होती. जागा दुसऱ्यास मिळाली. नोहाच्या काळचा जलप्रलय धूमकेतूच्या धक्क्यानें झाला असावा, असा तर्क त्यानें १६९४ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडला. पण पुन्हां गवगवा होईल या भीतीनें तो निबंध तीस वर्षें छापूं दिला नाहीं. या प्रकरणीं हॅलेचा प्रत्येक तर्क खरा होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु सृष्टीचे नियम शोधणारा मनुष्य सृष्टिकर्त्याचा वैरी असलाच पाहिजे असें मानणें ही मोठी चूक होय, आणि ती करणारांच्या हातून श्रद्धेची सेवा घडत नाहीं, असें आम्हांस नम्रपणें वाटतें. पुढें त्याच विद्यापीठानें १७०४ सालीं त्याला भूमितीचा अध्यापक नेमलें.

१६९५ च्या सुमारास हॅलेनें धूमकेतूंचें काम नेटानें हातीं घेतलें. जुन्या ग्रंथांतून धूमकेतूंचे वेध शोधावयाचे, त्यांतले विश्वासार्ह कोणते तें निवडावयाचें, आणि न्यूटनच्या रीतीनें प्रत्येकाचा मार्ग काढावयाचा, असा तो उद्योग होता. मार्ग काढावयाचा म्हणजे त्याची पातळी पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशीं किती अंश कललेली आहे, ती पातळी कोठें छेदली जाते, धूमकेतु सूर्याच्या अगदीं जवळ केव्हां व किती अंतरावर येतो, आणि तो ग्रहांच्याच दिशेनें फिरतो कीं उलट, इतक्या गोष्टी ठरवावयाच्या. गणकयंत्रें नव्हतीं, सर्व आंकडेमोड दौत, टांक व कागद यांवर. अशा रीतीनें त्यानें १३३७ पासून १६९८ पर्यंतच्या २४ धूमकेतूंचे मार्ग काढून त्यांचें कोष्टक तयार केलें.

या कामांत मध्येंच खंड पडला. लहानपणीं लागलेला होकायंत्राचा नाद त्याला आतां समुद्रावर घेऊन गेला. १६९८ ते १७०० या काळांत 'पॅरामोर' नांवाच्या लहानशा सरकारी जहाजाचा कप्तान होऊन त्यानें अटलांटिक महासागराच्या दोन सफरी केल्या. पहिल्या सफरींत हाताखालच्या अधिकाऱ्यानें बेअदबी केल्यामुळें त्याला परत फिरावें लागलें. दुसऱ्या सफरींत तो दक्षिणेस ५२ अंशांपर्यंत जाऊन बर्फाच्या डोंगरांमधून सुखरूप परतला. सुईचा कल जेथें जेथें सारखा आहे तीं ठिकाणें रेषांनीं जोडून त्यानें १७०१ सालीं जो नकाशा छापला, तशा रेषांची पद्धत नकाशांत पुढें सर्वत्र रूढ झाली.

परत येऊन त्यानें कोष्टक पुरें केलें आणि १७०५ सालीं प्रसिद्ध केलें. त्या कोष्टकांतील तीन ओळी एकमेकींशीं विलक्षण जुळत होत्या. १५३१ सालीं आपियन यानें पाहिलेला, १६०७ सालीं केप्लर यानें पाहिलेला आणि १६८२ सालीं स्वतः हॅलेनें पाहिलेला, हे तिन्ही धूमकेतु ग्रहांच्या उलट दिशेनें जाणारे. तिघांच्या मार्गांचा कल सतरा ते अठरा अंशांचा. आणि तिघेही सूर्याच्या जवळ येतांना पृथ्वीच्या अंतराचे शंभर भाग कल्पिले तर सत्तावन्न ते एकूणसाठ भागांपर्यंत आलेले. तीन निरनिराळे प्रवासी इतक्या सारख्या पावलांनीं चालावेत हें संभवत नाहीं. तेव्हां हा एकच प्रवासी तीन वेळां येऊन गेला असें त्यानें अनुमान केलें. १४५६ सालच्या धूमकेतूचें जें वर्णन मिळालें तेंही याशीं जुळलें.

परंतु एक अडचण होती, आणि ती हॅलेनें लपविली नाहीं. पहिल्या दोन फेऱ्यांमधील अंतर ७६ वर्षांहून थोडें अधिक, तर पुढील दोहोंमधील ७५ वर्षांस थोडें कमी. म्हणजे सुमारें सव्वा वर्षाचा फरक. नेमानें फिरणाऱ्या वस्तूचा नेम असा चुकेल कसा? त्यानें उत्तर दिलें तें असें. गुरूच्या ओढीमुळें शनीसारख्या मोठ्या ग्रहाची गतिही कमीजास्त होते. मग लांबट कक्षेंतून जाणारा हलका धूमकेतु गुरूच्या जवळून गेला तर त्याला उशीर किंवा घाई होणें साहजिकच आहे. हा विचार करून तो धूमकेतु १७५८ सालीं परत येईल असें त्यानें लिहिलें. नंतर गुरूचा परिणाम अधिक बारकाईनें अजमावून, तो १७५८ च्या अखेरीस किंवा १७५९ च्या आरंभीं दिसेल अशी त्यानें दुरुस्ती केली. तसें झाल्यास हा शोध प्रथम एका इंग्रजानें लावला एवढें पुढील पिढीनें मान्य करावें, इतकीच त्याची इच्छा होती.

हें भाकित आणि पंचांगवाल्यांचीं भाकितें यांत जो भेद आहे तो विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावा. शेंडेनक्षत्र आलें म्हणजे कोठें तरी कांहीं तरी वाईट होईल असें म्हणणारा मनुष्य कधींच खोटा ठरत नाहीं, कारण जगांत कोठें तरी कांहीं तरी वाईट होतच असतें. हॅलेनें मात्र साल सांगितलें, मार्ग सांगितला, कारण सांगितलें. तो धूमकेतु आला नसता तर हॅलेचें म्हणणें सर्व जगासमक्ष खोटें ठरलें असतें, आणि न्यूटनच्या आकर्षणाच्या नियमासही बाध आला असता. आपला शब्द खोटा पाडण्याचें साधन ज्यानें स्वतःच्या हातानें जगाच्या स्वाधीन केलें, त्याच्या शब्दास शास्त्र म्हणावें.

लोकांचें भय घालविण्याची त्याची ही वृत्ति १७१५ सालच्या सूर्यग्रहणाच्या वेळींही दिसून आली. चंद्राची छाया इंग्लंडच्या कोणकोणत्या भागांवरून जाणार याचा नकाशा त्यानें ग्रहणापूर्वींच छापून वांटला, म्हणजे भर दिवसा अंधार पडला तरी लोक घाबरणार नाहींत. आणि ठिकठिकाणच्या लोकांस वेळ मोजून कळविण्याची विनंतीही केली. त्याच्या वेळेंत सुमारें चार मिनिटांचाच फरक पडला. ब्रेस्लाव शहरांतील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून १६९३ सालीं त्यानें आयुर्मानाचें जें कोष्टक केलें तें विम्याच्या गणिताच्या पायाभूत कामांपैकीं एक होय. व्याध, स्वाती, रोहिणी यांसारखे तारेही ग्रीक लोकांच्या काळापासून जागचे हललेले आहेत, म्हणजे 'स्थिर' तारे स्थिर नाहींत, हें त्यानें १७१८ सालीं दाखविलें.

येथें त्याचा एक दोषही सांगितला पाहिजे. फ्लॅमस्टीडचे वेध अपुरे व अशुद्ध आहेत अशी त्याची तक्रार असतां, त्याच्या संमतीवांचून ते १७१२ सालीं छापण्याच्या कामीं न्यूटनबरोबर हॅलेही सामील झाला. दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या श्रमांवर असा हात टाकणें योग्य नव्हतें. आणि फ्लॅमस्टीडनें पुढें हातीं आलेल्या बहुतेक प्रती जाळून टाकिल्या यांत नवल नाहीं. थोरांचे गुण घ्यावेत, पण त्यांच्या दोषांस गुण म्हणूं नये.

१७२० सालीं फ्लॅमस्टीडच्या पश्चात् हॅले राजज्योतिषी झाला. यंत्रें फ्लॅमस्टीडच्या स्वतःच्या मालकीचीं असल्यामुळें त्याच्या विधवेनें तीं नेलीं होतीं; रिकाम्या वेधशाळेंत हॅलेला सर्व नव्यानें उभारावें लागलें. वय चौसष्ट. चंद्राच्या गतीचें एक चक्र सुमारें अठरा वर्षांचें असतें. तें सबंध पाहून नोंदवावें, म्हणजे खलाशांस समुद्रावर रेखांश काढतां येतील, असा त्यानें बेत केला. लोक या वयांत निवृत्तीचा विचार करितात. यानें अठरा वर्षांचें काम अंगावर घेतलें, आणि तें पुरें केलें! तत्पूर्वीं १७१६ सालीं त्यानें आणखी एक काम पुढच्या पिढीवर सोंपविलें होतें. सेंट हेलीना येथें बुधाचें जें अधिक्रमण त्यानें पाहिलें होतें, त्यावरून शुक्र सूर्यबिंबावरून जातांना पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांतून वेध घेतले तर सूर्याचें अंतर काढतां येईल, ही रीत त्याला सुचली. शुक्राचीं अशीं अधिक्रमणें १७६१ व १७६९ सालीं व्हावयाचीं होतीं. आपण तेव्हां नसूं हें जाणून त्यानें तरुण ज्योतिर्विदांस तीं न चुकविण्याविषयीं कळकळीनें विनविलें. आणि त्याप्रमाणें अनेक देशांच्या मंडळ्या पृथ्वीच्या चारी दिशांस गेल्या. त्यांतील ल जांतिल नांवाचा एक फ्रेंच विद्वान आपल्या पुदुचेरीपर्यंत आला होता. पण पहिल्या वेळीं तो भर समुद्रांत अडकला, आणि दुसऱ्या वेळीं ढगांनीं त्याची निराशा केली.

१७३६ सालीं हॅलेची पत्नी वारली. पुढें त्याचा स्वतःचाही हात चालेना. आजच्या पंचांगाप्रमाणें २५ जानेवारी १७४२ रोजीं, वयाच्या पंचायशींव्या वर्षीं त्यानें देह ठेविला. ग्रिनिचजवळील ली या गांवच्या देवळाच्या आवारांत पत्नीशेजारींच त्यास मूठमाती देण्यांत आली. त्याचा धूमकेतु त्या वेळीं सूर्यापासून दूर, काळोखांत होता.

१७५८ साल जवळ आलें तसे युरोपांतील विद्वान उत्सुकतेनें वाट पाहूं लागले. पॅरिसमध्यें क्लेरो नांवाच्या गणितज्ञानें गुरु व शनि या दोहोंच्या ओढीचा हिशेब मांडण्याचें मनावर घेतलें. आंकडेमोडीस लालांद हा ज्योतिर्विद व निकोल-रेन लपोत ही विदुषी बसलीं. सुमारें सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, कधीं कधीं जेवतांनासुद्धां, त्यांचें गणित चालूं असे. या विदुषीचा त्या कामांतील वांटा पुष्कळ काळपर्यंत विसरला गेला होता. आमच्या विद्यार्थिनींनीं तरी तो विसरूं नये. गुरूमुळें ५१८ दिवस व शनीमुळें सुमारें १०० दिवस उशीर होऊन धूमकेतु १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास सूर्याच्या अगदीं जवळ येईल, यांत एक महिन्याची चूक संभवते, असें क्लेरोनें नोव्हेंबर १७५८ मध्यें जाहीर केलें.

वर्ष संपत आलें तरी कोणास कांहीं दिसेना. अखेर २५ डिसेंबर १७५८ रोजीं, नाताळाच्या रात्रीं, तो दिसला. आणि दिसला तो कोणा राजज्योतिष्यास नव्हे, तर जर्मनींत ड्रेस्डेन शहराजवळ शेती करणाऱ्या पालिच नांवाच्या, आपल्याच हिंमतीनें शास्त्र शिकलेल्या शेतकऱ्यास! १३ मार्च १७५९ रोजीं धूमकेतु सूर्याच्या सर्वांत जवळ आला; क्लेरोच्या हिशेबांत सुमारें एक महिन्याचीच चूक निघाली. हॅलेस जाऊन सतरा वर्षें झालीं होतीं. तेव्हांपासून त्या धूमकेतूस हॅलेचा धूमकेतु म्हणूं लागले.

त्यानंतर तो १८३५, १९१० व १९८६ या सालीं येऊन गेला. चिनी नोंदींवरून त्याचें दर्शन इसवी सनापूर्वीं २४० पर्यंत मागें नेतां येतें. कशिद्यांतला १०६६ चा धूमकेतुही हाच! त्याची वाट फार लांबट आहे. सूर्याजवळ असतां अंतर सुमारें साडेपांच कोटि मैल व वेग सेकंदास सुमारें ३४ मैल. दूरच्या टोकास, नेपच्यूनच्याही पलीकडे, अंतर सुमारें ३२५ कोटि मैल व वेग सेकंदास जेमतेम अर्धा मैल. म्हणून त्याचें बहुतेक आयुष्य दूरच्या काळोखांतच जातें.

दर खेपेस त्याचें तेज मात्र सारखें नसतें, आणि त्याचें कारणही गणितांतच आहे. धूमकेतूचें मूळ शरीर म्हणजे बर्फ व धूळ यांचा गोळा. १९८६ सालीं युरोपीय लोकांचें 'जोत्तो' हें यान त्याच्यापासून सुमारें पावणेचारशें मैलांवरून गेलें, तेव्हां तो गोळा सुमारें नऊ मैल लांब, पांच मैल रुंद व कोळशासारखा काळा असल्याचें कळलें. सूर्याच्या उष्णतेनें बर्फाची वाफ होते, धूळ उडते, आणि सूर्याच्या विरुद्ध दिशेस शेपूट पसरतें. म्हणून सूर्याजवळ येतांना त्याचें तेज नुसत्या अंतराच्या मानानें वाढावें त्याहून पुष्कळ अधिक वाढतें. त्यांत पुन्हां पृथ्वी त्या वेळीं कोठें आहे यावरही दर्शन अवलंबून असतें. इ. स. ८३७ मध्यें तो पृथ्वीपासून सुमारें एकतीस लक्ष मैलांवर आला व फार तेजस्वी दिसला. १९१० सालीं पृथ्वी त्याच्या शेपटाजवळून जाणार व त्यांतील विषारी वायूनें प्राणी मरतील अशी आवई उठून कित्येक ठिकाणीं त्यावर गोळ्याही विकल्या गेल्या. झालें कांहींच नाहीं. १९८६ सालीं तो सूर्याच्या पलीकडे व पृथ्वी अलीकडे असल्यामुळें पुष्कळांची निराशा झाली. २००३ सालीं चिली देशांतील प्रचंड दुर्बिणींनीं तो डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून कोट्यवधि पट मंद असतांही टिपला. डिसेंबर २०२३ मध्यें तो आपल्या वाटेच्या दूरच्या टोकास पोंचला व तेथून परत फिरला.

तो सूर्याजवळ येईल तो २८ जुलै २०६१ रोजीं. आज या शाळेंत असलेले बहुतेक विद्यार्थी त्या वेळीं पन्नाशीच्या आसपास असतील. आपल्याकडे तो ऐन पावसाळा. तेव्हां ढगांशीं झगडण्याची तयारी ठेवावी लागेल, जशी हॅलेनें सेंट हेलीना बेटावर ठेविली होती. तोंपर्यंत ज्यांस धीर नसेल त्यांनीं ऑक्टोबरच्या एकविसाव्या तारखेच्या सुमारास पहाटे उठून मृगाच्या बाजूनें तुटणारे तारे पाहावेत, किंवा मे महिन्याच्या आरंभीं पहाटे कुंभ राशीकडे पाहावें. हॅलेच्या धूमकेतूनें आपल्या वाटेवर सांडलेली धूळच त्या वेळीं आपल्या वातावरणांत जळत असते.

आईबापांस आमची एवढीच विनंती कीं, मुलानें अंगणांत उभें राहून आकाशाविषयीं प्रश्न विचारला असतां त्याला अपशकुनाच्या गोष्टी सांगून आंत बोलावूं नये. साबणवाल्या हॅलेनें आपल्या मुलास दुर्बीण घेऊन दिली होती, हें स्मरावें. आणि विद्यार्थ्यांस सांगणें हें कीं, आपल्या श्रमाचें फळ आपणांसच मिळालें पाहिजे असा हट्ट धरूं नये. वेध बरोबर घ्यावेत, आंकडे खरे लिहावेत, दुसऱ्याचें ऋण मान्य करावें, आणि आपला शब्द पारखला जाईल अशा रीतीनें तो मांडून ठेवावा. पारखणारा कदाचित् सतरा वर्षांनीं येईल, आणि तो एखादा शेतकरीही असूं शकेल.